बाभळीची लहान जोडी

उद्या तालमीची माणसं तुमचे मुगदल, तुमच्या फिरवायच्या लाकडी जोड्या, न्यायला येणार आहेत. रीत तुम्हाला काय सांगायची? तुमच्या वस्तादांची जोडी तुम्हीच डोक्यावर घेऊन गेला होतात. वस्ताद गेला की तेराव्यानंतर त्याच्या जोड्या ढोल वाजवत न्यायच्या, शेंदूर लावून मारुतीच्या पायाशी ठेवायच्या, आणि मग जन्मात कोणी त्यांना हात लावायचा नाही. त्यातही वस्तादाने शेवटी फिरवलेली जोडी सगळ्यांत पुढे. तुमच्या जागी आता भिका पैलवान बसणार आहे. तो काल येऊन सांगून गेला, "काकू, परसातल्या भिंतीले ते लहान जोडी टांगली हाय ना, बाभळीची, ते पहले पुजायची. वस्तादांची आखरी जोडी."

मी कोपऱ्यात पदर ओढून बसले होते. होकारार्थी मान हलवली. तेव्हापासून स्वतःलाच विचारतेय की मान का हलवली.

ती जोडी तुमची नव्हती. माझी आहे. हे तुम्हाला माहीत होतं, मला आहे, आणि जिजींना आहे. तुमच्या या थोरल्या बहिणीपासून घरातलं मीठसुद्धा लपत नाही, तर जोडी कुठून लपणार? बाकी सगळ्या बऱ्हाणपुरात कोणाला ठाऊक नाही. उद्या माझ्या जोडीला शेंदूर लागेल, तिच्यासमोर नारळ फुटेल, आणि जिथे बाईची सावली चालत नाही त्या तालमीत ती मारुतीजवळ जाऊन बसेल. एरवी हे ऐकून तुम्ही पोट धरून हसला असता. मला हसू येत नाही.

तालमीला मी सवत म्हणायची, आठवतं? जिनिंगच्या कारखान्यातून कापूस जोखून यायचात, हातपाय धुवायचात आणि चहाचा घोट घेऊन तिच्याकडे पळायचात. मातीच्या वासावरून कळायचं की आज कुस्तीच्या हौद्यात उतरलात की नुसते काठावर ओरडत बसलात. पन्नाशी आली तसे काठावरचे दिवस वाढले. तरुणपणी हजाराच्या बैठका घातल्या, त्याचं व्याज गुडघे वसूल करत होते. जिना उतरताना तुम्ही खेकड्यासारखे आडवे उतरायचात. मी हसायची. मग माझंही तेच झालं.

चुलीपाशी उकिडवं बसून आयुष्य गेलं, म्हणून झालं की वयाने, देव जाणे. वैद्यबुवा म्हणाले, हलू नका. मी आज्ञाधारक! सगळा पावसाळा हलले नाही. जिजी भाकरी थापायच्या आणि ऐकवायच्याही. दिवाळीपर्यंत माझ्या मांड्या काठ्यांसारख्या वाळल्या. लक्ष्मीपूजनाला हौसेने रांगोळी काढायला बसले आणि उठता येईना. पाहुण्यांसमोर तुम्ही काखेत हात घालून मला वर ओढलंत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुम्ही दारात उभे होतात.

दुसऱ्या दिवशी मला बाजेच्या काठावर बसवलंत आणि म्हणालात, "ऊठ."

"हात द्या."

"हात नाही. हात छातीवर. टाचा जरा मागे घे. आता पुढे वाक अन् ऊठ."

उठले. मग म्हणालात, "आता बस. पण धपकन नाही, आराम से. कोणी झोपलेलं लेकरू खाली ठेवते तसं." तेव्हा बसले ती मात्र धपकनच. तुम्ही मान हलवलीत आणि तालमीतल्या पोरांवर ओरडायचात तसेच माझ्यावर ओरडलात. मला बरं वाटलं, खरं सांगते. आजारी माणसावर कोणी ओरडत नाही.

"गुडघा आराम मागते, मांडी काम मागते. दोघाईचं ऐकलं पाहिजे, रामूची माय." हे तुमचं वाक्य. स्वतःच्या दुखण्यावर पडताळून पाहिलेलं. तालमीतल्या पोरांकडून टाचेला बूड लागेपर्यंत बैठका घालून घेणारा वस्ताद घरी मात्र बाजेच्या काठापर्यंतच बसतो, त्याच्या खाली इंचभर जात नाही, हे मला तेव्हा कळलं. परसाचं दार लावून आपण दोघं ती अर्धी बैठक घालायचो. बाज सोपी झाली तेव्हा तुम्ही चौरंग आणलात, आणि त्याच्याखाली जायचं नाही म्हणून शपथ घातलीत. जुन्या पंच्याची थैली शिवून तापीची वाळू भरलीत. ती घोट्याला बांधून, बाजेवर बसून पाय सरळ करायचा, तसाच धरायचा, मग हळू खाली. आधी तिळाचं तेल चोळून, चार येरझाऱ्या घालून अंग ऊन करायचं. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचा, आत पडू द्यायचा नाही. "मांडी दुखली तं चालंन. गुडघ्यात कळ आली तं थांबजो. अन् सकाळी गुडघा फुगला दिसला तं त्या दिवशी फक्त तेल अन् चालणं. जिद्द करायची नाही, जिद्दीनंच माहे गेले."

वेळ फार लागला. होळीपर्यंत मला वाटत होतं की हा माणूस माझी थट्टा करतोय. मग एक दिवस पाण्याची कळशी घेऊन उंबरा चढले आणि आत येऊन लक्षात आलं की चौकटीला हात लावलाच नाही.

त्यानंतर ती जोडी. पाय झाले, आता खांदे, असं म्हणून तुम्ही बाभळीचं लाकूड आणलंत आणि सुताराला सांगितलंत की नातवासाठी पाहिजे. नातू नव्हताच कुठे! मला उभं करून, गुडघे किंचित सैल ठेवायला लावून, एक मुगदल खांद्यामागून कसा फिरवायचा ते शिकवलंत. पहिल्या दिवशी मी स्वतःच्याच डोक्यात मारून घेतला. जिजी खिडकीतून म्हणाल्या, "ये बया, हे काय नाटक मांडलं म्हाताऱ्याईनं!" तुम्ही म्हणालात, "जिजी, तुले पण करून देऊ का लाकडाची?" त्यांनी खिडकी आपटली.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. गेल्या माघात आपण असीरगडाला गेलो होतो, बैलगाडीने. चढ तुम्हाला झेपणारा नव्हता. तुम्ही खाली गाडीपाशी थांबलात आणि मी बायकांबरोबर महादेवाला वर गेले. माझ्याहून तरुण बायका वाटेत बसत होत्या, पाणी मागत होत्या. खाली आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "कितीदा बसलीस?" म्हटलं, एकदाही नाही. तुम्ही पाठ फिरवून बैलांना चारा घालायला लागलात, बैलांपुढे चारा पडलेला असताना. तेव्हा मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं. बायका होत्या, गाडीवाला होता, राहिलं. घरी आल्यावर कोण कोणाच्या पाया पडतं? तुमचे उपकार झाले माझ्यावर. आता म्हणतेय, आता काय उपयोग.

आणि मग तो दिवस. आठवलं की तुमचा राग येतो. तुम्ही गेलात तरी येतो.

परसाचं दार उघडं राहिलं होतं. भिका हाक न मारता आत आला. मी त्याचं पागोटं पाहिलं, जोडी खुंटीला अडकवली आणि चुलीपाशी पळाले. तो जोडीकडे बघत राहिला. "वस्ताद, हे लेकरासोराची जोडी कोणाची?"

आणि तुम्ही म्हणालात, "माही हाय. उमर झाली भिका आता."

तुम्ही हसलात. तो हसला नाही. तुमची सागाची जोडी दाराआड उभी होती, तिच्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. माणूस जे ऐकतो तेच बघतो.

रात्रीच्या जेवणाला मी भाजी वाढता वाढता विचारलं, "माझी लाज राखलीत की तुमची?"

"दोघाईची. जेवू दे."

"मी चोरी केली होती का?"

"तालमीले काय सांगू? वस्ताद घरी बायकोले मुगदल शिकवते?"

"हो. तेच सांगायचं."

"येडी हायेस. लोकं तुले नावं ठेवतीन."

"मला ठेवतील की तुम्हाला?"

तुम्ही ताट सारलंत. हे भांडण नंतर कितीदा झालं! प्रत्येक वेळी तुम्ही म्हणायचात, नागपंचमी होऊ दे, मग बघू. जणू नागोबा येऊन निवाडा करणार होता. माझं म्हणणं एवढंच होतं की तुम्ही मला उभं केलंत, तर ते तुम्ही केलंत असं कोणाला तरी कळू दे. तुम्हाला वाटायचं मी मोठेपणा मागतेय. मागतही असेन. जन्मभर तालमीतल्या पोरांनी मारलेल्या कुस्त्या तुम्ही गावभर सांगत फिरलात. मी मारलेली कुस्ती तुम्ही खुंटीला टांगलीत आणि वर स्वतःचं नाव लावलंत.

भिकाने काय सांगितलं, कोणाला सांगितलं, माहीत नाही. पण तालमीत कुजबुज सुरू झाली. वस्ताद आता पोरांची जोडी फिरवतात म्हणे. मला ही गोष्ट पाणी भरणाऱ्या बाईकडून कळली, तर तुमच्या कानावर किती आधी आली असेल.

नागपंचमीला हौद्यात पहिल्या बैठका वस्तादाच्या. गेली काही वर्षं तुम्ही खांबाला धरून नावापुरत्या घालायचात आणि सगळे त्या वेळी दुसरीकडे बघायचे. ही त्यांची माया होती, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. यंदा तुम्ही खांब सोडून मधोमध गेलात. टाचेला बूड टेकेपर्यंत, पूर्ण. ढोल थांबेपर्यंत. ढोल वाजवणारा तरी शहाणा हवा होता! पोरांनी शिट्ट्या वाजवल्या, जयजयकार केला, आणि टांग्यात घालून घरी आणलं. तुम्ही हसत होतात. गुडघा कवठाएवढा झाला होता.

मी ओरडायचं ठरवलं होतं. धोतर वर करून गुडघा पाहिला आणि तेलाची वाटी आणायला वळले. तुम्हीच म्हणालात, खालच्या आवाजात, "लोकं बोलून राह्यले होते." एवढंच. मला चौरंगाखाली जाऊ नको म्हणून शपथ घालणारा माणूस चार टोळभैरवांच्या बोलण्यापायी मातीत बसला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं, पायावर भार नको म्हणाले. पाऊस थांबत नव्हता. तुम्ही बाजेवर, तोंड भिंतीकडे. मी म्हणायची, निदान काठावर बसा, दुसरा पाय हलवा, श्वास मोठा घ्या, तुम्हीच शिकवलंत ना? "उद्या," म्हणायचात. मग खोकला आला, मग ताप, मग छाती भरली. माझे हात तेव्हा चांगले तयार होते. मी एकटी तुम्हाला उचलून बसवायची, पाठीला उशी द्यायची. एकदा माझ्या दंडाला हात लावून म्हणालात, "बाभूळ पक्की हाय." ते लाकडाबद्दल होतं की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही गेलात. बाहेर बैल धुवायला नदीवर चालले होते.

तालमीतले म्हणतात, वस्ताद वाघासारखे गेले, नागपंचमीच्या मातीने नेले. रोज कोणी तरी येऊन हेच सांगतो आणि मी कोपऱ्यात बसून ऐकते.

कोपऱ्याचंही ऐका. सुतकात पाट नको, चौरंग नको, जमिनीवर बस, असं जिजींनी पहिल्या दिवशीच सांगितलं. बसले. गुडघे पुन्हा लाकडासारखे झाले आहेत. सकाळी मोरीत गेले की दार लावून भिंतीला पाठ टेकते, मांडी घट्ट करते, सोडते, पुन्हा घट्ट करते. तेवढीच चोरटी तालीम. नवरा गेलेल्या बाईने असं करावं का, मला ठाऊक नाही. पण मला ओढून उठवणार कोण आता?

आज दुपारी जिजींना आणि रामूला बोलले. म्हटलं, ती जोडी मी देणार नाही, ती माझी आहे, आणि तसं सांगणार आहे. रामू सज्जन आहे, तुमच्यावर गेला नाही. म्हणाला, "माय, जाऊ दे ना. मी खंडव्याहून दुसरी करून आणतो." म्हणाला ते हळू आवाजात, दाराकडे बघत. जिजी मात्र ओरडल्या, "दोन लाकडांपायी माह्या भावाचं नाव बुडवते का? लोकं म्हणतीन, वस्ताद खोटा, अन् बायको निलाजरी." मग म्हणाल्या, "त्यानं सांगितलं नाही, तं तू कोण सांगणारी?"

हे लागलं, कारण खरं आहे. तुमचं खोटं तुमच्याबरोबर जळून गेलं असतं. मी गप्प बसले तर लोक म्हणतील, वस्ताद म्हातारपणी थकले होते, लहान जोडी फिरवायचे, तरी पंचमीला बैठका घालून गेले. केवढी मोठी गोष्ट! बोलले तर तुम्ही बायकोला मुगदल शिकवणारे आणि वर लपवणारे. मी गप्प बसले तर तुमचं नाव राहतं. बोलले तर माझे पाय राहतात, आणि खरं राहतं. इथवर लिहून हात थांबला.

आता पुढचं लिहितेय. ते येऊन गेले.

ढोल गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हाही माझं काही ठरलं नव्हतं. भिका शेंदुराचं ताट घेऊन अंगणात आला, मागे सगळी तालीम. जिजी ओसरीवर माझ्याजवळ, दाटून, पाय पसरून बसल्या. भिकाने परसातून माझी जोडी आणली. धुतलेल्या पंच्याने पुसली, अगदी मायेने. ताटात बोट बुडवलं.

"भिका, थांब." माझाच आवाज. "ती जोडी वस्तादांची नाही. माझी आहे."

मागे एक जण फिदकन हसला. कोणी साथ दिली नाही, म्हणून थांबला. जिजींनी माझा पदर ओढला.

भिका म्हणाला, "काकू, वस्ताद सोता मले बोलले होते. इथंच, परसात."

"बोलले होते. मी चुलीपाशी ऐकत होते. माझ्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून खोटं बोलले. माझे गुडघे गेले होते, त्यांनी मला उभं केलं. पाय झाल्यावर खांद्यांसाठी ही जोडी करून दिली. रोज मीच फिरवत होते."

बोटावरचा शेंदूर टपकायला आला तसं भिकाने बोट ताटाला पुसलं. जोडी खाली ठेवली. मग त्याने जे विचारायला पाहिजे तेच विचारलं, पुढचा वस्ताद म्हणून, "मंग त्यांची आखरी जोडी कोणती?"

"परसाच्या दाराआड बघ. सागाची. नागपंचमीच्या सकाळी फिरवून मग तालमीत आले. गुडघे गेले होते त्यांचे. खांदे नव्हते गेले."

भिका दाराआड गेला. एका हाताने मुगदल उचलायला गेला, तो हलला नाही. दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरून तिथेच उभा राहिला. त्याचं तोंड बघवत नव्हतं. त्याने मागे वळून पोरांकडे पाहिलं, एकेकाकडे. सगळ्यांच्या माना खाली.

"मंग काकू, त्या बैठका... आम्ही जे बोललो त्याच्यापायी..."

"हो," मी म्हटलं. त्याला दुखवायचं नव्हतं, पण खोटं आता माझ्याच्याने होत नव्हतं.

माझी जोडी अंगणात तशीच पडली होती. उठायचं होतं. एक गुडघा टेकला, दुसऱ्या मांडीवर दोन्ही हात रोवले. कळ आली. तुमच्या नियमाने थांबायला हवं होतं, थांबले नाही. रामू पुढे झाला, त्याला नको म्हटलं. वेळ लागला, आणि सगळे बघत होते. जिजींनी पसरलेले पाय आखडून घेतले आणि मला वाट करून दिली. अबोला मात्र अजून धरलाय. मी गेले, जोडी उचलली आणि आत आले.

ते तुमची सागाची जोडी घेऊन गेले. ढोल वाजला नाही. भिकाने वाजवू दिला नाही. गल्ली ओलांडेपर्यंत त्यांच्या पायांचा आवाज येत होता.

आता नावं ठेवायला सुरुवात झाली असेल. पाणी भरणारी बाई उद्या येईल, तिच्याकडून कळेल. तुमच्या तोंडचा शब्द मी चारचौघांत खोटा पाडला. आजवर तुमच्यासमोर अशी कधी वागले नव्हते. रागावला असाल तर रागवा. ताट सारा, येडी म्हणा, तालमीत निघून जा. तुमचा राग मी आयुष्यभर झेलला आहे. हे तुमचं गप्प राहणं मात्र मला झेपत नाही.